पोलादाचे सामर्थ्य जाहीर होते, चिवटपणा मात्र फाइलीतच राहतो

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीन येथे आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हा देशभरच्या बातम्यांत तिच्या पोलादाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. सुमारे 30,000 टन विशेष पोलाद भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या कारखान्यांनी पुरवले. त्यामागे हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेचे अनेक वर्षांचे काम होते. परंतु बहुतेक बातम्यांत या पोलादाचे वर्णन ‘अतिशय मजबूत’ एवढ्या दोन शब्दांत आटोपले गेले. गंमत अशी, की निव्वळ सामर्थ्याच्या मोजपट्टीवर विक्रांतच्या कवचाचे मुख्य पोलाद, म्हणजे डीएमआर 249ए, फारसे असामान्य ठरत नाही. त्याचे यील्ड सामर्थ्य साधारण 390 मेगापास्कल आहे. पूल आणि कारखान्यांच्या सांगाड्यांसाठी बाजारात मिळणारे ई410 दर्जाचे पोलाद याबाबतीत त्याच्या किंचित पुढेच असते. मग एवढ्या संशोधनाची गरज काय होती? गरज होती ती हे पोलाद उणे 60 अंश सेल्सिअस तापमानालाही ठिसूळ होऊ नये यासाठी. वेल्ड केल्यावर, लाटांचे तडाखे बसल्यावर, जवळच स्फोट झाल्यावर त्यात निर्माण झालेली भेग जागच्या जागी थांबावी यासाठी. या गुणाला चिवटपणा म्हणतात. भारतीय विज्ञानवार्तांमध्ये पोलादाविषयी सर्वांत कमी लिहिली जाणारी गोष्ट हीच आहे.

सामर्थ्य आणि चिवटपणा हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. पदार्थ किती ताण सहन करून मगच आकार बदलू लागतो, हे सामर्थ्य. आत भेग असताना ती भेग पुढे सरकवण्यासाठी किती ऊर्जा खर्ची घालावी लागते, हा चिवटपणा. काचेचे सामर्थ्य कमी नसते. ताजा ओढलेला काचतंतू पुष्कळ पोलादांना मागे टाकतो. तरीही काचेवर एक ओरखडा पडला, की सारे संपते. कोयत्याला पाणी देणारा लोहार हा फरक पाठ्यपुस्तकाविना जाणतो. लाल तापलेली धार तो पाण्यात बुडवतो, पण तेथेच थांबत नाही. पात्यावर गवती पिवळा, मग जांभळट रंग चढेपर्यंत तो ती पुन्हा मंद तापवतो. पहिल्या कृतीने धार कठीण होते, दुसरीने ती तुटायची राहते. आधुनिक उष्णोपचाराचे सारे शास्त्र या दोन कृतींचा विस्तार आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या दोन गुणांत वैर का असते, हे समजण्यासाठी भेगेच्या टोकाशी जावे लागते. भेगेच्या तीक्ष्ण टोकाशी ताण प्रचंड एकवटतो. तेथील धातू जर थोडा वाहू शकला, म्हणजे त्याच्या स्फटिकांमधील डिस्लोकेशन नावाचे रेषीय दोष सरकू शकले, तर टोक बोथट होते आणि ऊर्जा त्या वाहण्यात खर्च होते. पण सामर्थ्य वाढवण्याची जवळजवळ प्रत्येक युक्ती ही याच दोषांच्या वाटेत अडथळे उभे करण्याची युक्ती असते. कार्बनचे अणू, सूक्ष्म कण, गुंतलेले डिस्लोकेशन, सारेच त्यांची वाट अडवतात. अडथळे वाढले की सामर्थ्य वाढते आणि त्याच हिशेबाने भेगेच्या टोकाशी धातू वाहण्याची मुभा आकसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉबर्ट रिची यांनी 2011 मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये याच संघर्षावर लिहिलेला लेख पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावा असा आहे.

हा संघर्ष आकड्यांत मांडला की त्याची धग कळते. पदार्थाचा भंगचिवटपणा आणि त्यावरील ताण यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला आणि त्याला पायने भागले, तर साधारण किती मोठी भेग घातक ठरेल याचा अंदाज मिळतो. साध्या बांधकामाच्या चिवट पोलादाचा भंगचिवटपणा 150 मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर आणि त्यावरील ताण 150 मेगापास्कल धरला, तर ही लांबी 30 सेंटिमीटरच्या पुढे जाते. एवढी भेग रंगकाम करणाऱ्यालाही दिसेल. आता अतिउच्च सामर्थ्याचे पोलाद घेऊ: भंगचिवटपणा 100, ताण 1000 मेगापास्कल. घातक भेग जेमतेम 3 मिलिमीटर. उष्णोपचारात गफलत होऊन चिवटपणा निम्म्यावर आला, तर वर्गाच्या नियमाने ती एक चतुर्थांश, म्हणजे 1 मिलिमीटरहूनही कमी होते. सामर्थ्याची चाचणी केली तर दोन्ही वेळी जवळपास तोच आकडा येईल, आणि खरा धोका नेमका येथे आहे.

हा धोका काल्पनिक नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेत 260 इंच, म्हणजे सुमारे 6.6 मीटर व्यासाच्या घन इंधनाच्या प्रचंड रॉकेट मोटारीवर काम सुरू होते. दोन कंपन्यांकडे हे काम होते. थायोकोल कंपनीच्या मोटारीचे कवच 18 टक्के निकेलच्या, 250 दर्जाच्या मारेजिंग पोलादाचे होते. 11 एप्रिल 1965 रोजी त्याची जलदाब चाचणी सुरू असताना, ठरवलेल्या दाबाच्या सुमारे 56 टक्क्यांवरच ते कवच फुटले. भंगाचा उगम वेल्डशेजारच्या उष्णतेने बाधित झालेल्या पट्ट्यात होता. तपासणीतून निसटलेला एक जुना दोष तेथे दडून बसला होता. पोलाद कमजोर नव्हते. ताणचाचणीत ते उत्तीर्णच झाले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ज्या ठिकाणी त्याची सूक्ष्मरचना बदलली होती, तेथे चिवटपणा अपेक्षेहून कमी भरला आणि दोष अपेक्षेहून मोठा निघाला. दुसरी कंपनी एरोजेट. तिने त्याच कुळातील, पण सामर्थ्याने एक पायरी खालचे 200 दर्जाचे पोलाद निवडले. तिच्या मोटारी 1965 ते 1967 या काळात फ्लोरिडात तीन वेळा यशस्वीपणे पेटवल्या गेल्या. कमी सामर्थ्याचा पर्याय जिंकला, ही गोष्ट विज्ञानवार्तेच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही; म्हणूनच बहुधा ती फारशी सांगितली जात नाही.

भारताशी या कथेचा संबंध थेट आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे आणि चांद्रयान-3 ला 14 जुलै 2023 रोजी घेऊन गेलेल्या एलव्हीएम-3 च्या दोन्ही बाजूंच्या एस200 मोटारींचे कवच याच 250 दर्जाच्या मारेजिंग पोलादाचे असते. पोलाद हैदराबादच्या मिश्र धातू निगममध्ये तयार होते. कवचे घडवणाऱ्या कारखान्यांत पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरचाही समावेश आहे. 3.2 मीटर व्यासाच्या या नळकांड्याची भिंत सुमारे 8 मिलिमीटर जाडीची असते. त्यात 3 मिलिमीटरच्या भेगेचा हिशेब ठेवला, म्हणजे वेल्डच्या प्रत्येक इंचाची क्ष-किरण आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी का करावी लागते, हे वेगळे सांगावे लागत नाही. इस्रोच्या यशाच्या बातम्यांत इंधनाचे वजन येते, उपग्रहाचे येते. या भिंतीच्या चिवटपणाचा आकडा मात्र अपवादानेच.

मारेजिंग पोलादाची कल्पना मुळात मोठी सुंदर आहे. नेहमीच्या कठीण पोलादात कार्बन लागतो. तापवलेले पोलाद झटकन थंड केले की त्यातील कार्बन बाहेर पडू शकत नाही, स्फटिकांची जाळी ताणलेली राहते आणि मार्टेन्साइट नावाची अतिकठीण, अतिठिसूळ रचना बनते. मारेजिंगमध्ये कार्बन जवळजवळ काढूनच टाकलेला असतो, 0.03 टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे सुमारे 820 अंशांवरून थंड झाल्यावर मिळणारे मार्टेन्साइट मऊ असते, यंत्रावर कापता येते, वेल्ड करता येते. मग 480 अंशांच्या आसपास काही तास ठेवले, की निकेल, मॉलिब्डेनम आणि टायटॅनियम यांचे अतिसूक्ष्म कण आत उगवतात आणि सामर्थ्य 1700 मेगापास्कलच्या पुढे जाते. कार्बनची ठिसूळ ओढाताण टाळून मिळवलेले हे बळ असल्याने चिवटपणा पुष्कळ शिल्लक राहतो.

पण या सौंदर्यातही सापळा आहे. जाड घडाईचा तुकडा फार तापवून सावकाश थंड केला, तर साधारण 1100 ते 750 अंशांच्या दरम्यान टायटॅनियमची संयुगे स्फटिककणांच्या सीमांवर पातळ थरासारखी साचतात. सीमा ठिसूळ होतात. नंतर कितीही नेमके 480 अंश दिले तरी हा थर आपोआप जात नाही. ताणचाचणीत याची फारशी चाहूल लागत नाही. भेग चालू लागली की मात्र ती या सीमांवरून सरळ रस्त्याने जावी तशी जाते.

असे सापळे केवळ रॉकेटच्या पोलादात असतात असेही नाही. देशभरच्या वाहनभागांच्या कारखान्यांत ईएन24 हे नाव घरच्यासारखे वापरले जाते. ब्रिटनने ही जुनी नामावली कधीच मागे टाकली, भारतीय कारखान्यांनी मात्र ती जपून ठेवली आहे. एखाद्या इतिहासकाराने याचाही अभ्यास करावा. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले हे पोलाद तेलात थंड करून मग टेम्पर करतात. टेम्परिंगचे तापमान वाढवत नेले की सामर्थ्य उतरते आणि चिवटपणा चढतो, असे वर्गात शिकवले जाते. आलेखावर ही रेषा गुळगुळीत काढली जाते. प्रत्यक्षात तिच्यात दोन खड्डे आहेत. पहिला साधारण 250 ते 400 अंशांच्या पट्ट्यात: मार्टेन्साइटच्या पट्ट्यांमध्ये उरलेला ऑस्टेनाइटचा पातळ पापुद्रा तेथे विघटित होतो, त्या जागी सिमेंटाइटचे ठिसूळ थर येतात आणि टेम्परिंग वाढवूनही चिवटपणा खाली घसरतो. दुसरा साधारण 375 ते 575 अंशांच्या दरम्यान: या पट्ट्यात तुकडा फार वेळ राहिला किंवा त्यातून सावकाश थंड झाला, तर फॉस्फरस, कथिल, अँटिमनी यांसारखी अशुद्धी जुन्या कणसीमांवर गोळा होते. हा दुसरा दोष 600 अंशांवर पुन्हा तापवून झटकन थंड केल्यास जातो. पहिला तसा जात नाही. दोन्ही वेळी कठीणपणाची चाचणी निष्पाप चेहऱ्याने जवळपास बरोबर आकडा दाखवते. उष्णोपचाराच्या कारखान्यात प्रत्येक खेपेचा रॉकवेल कठीणपणा मोजतात, कारण ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे. चार्पी आघात चाचणीसाठी 10 बाय 10 बाय 55 मिलिमीटरचा नमुना कापून त्यात 2 मिलिमीटरची नेमकी खाच घ्यावी लागते. तेवढा खर्च कोणी करावा, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही तोवर कारखाना स्वतःला विचारत नाही.

एक वाट मात्र अशी आहे जिच्यात किंमत मोजावी लागत नाही, आणि ती म्हणजे स्फटिककण बारीक करणे. कण लहान झाले की डिस्लोकेशनला वारंवार सीमा आडव्या येतात आणि सामर्थ्य वाढते. भेगेलाही प्रत्येक सीमेवर दिशा बदलावी लागते, म्हणून चिवटपणाही वाढतो आणि ठिसूळ होण्याचे तापमान खाली सरकते. नायोबियमचा टक्क्याच्या काही शतांश इतकाच अंश घालून, ठरावीक तापमानांच्या पट्ट्यांत पत्रा लाटत नेला तर असे बारीक कण मिळतात. विक्रांतच्या पोलादाच्या घराण्याचे यश बरेचसे या शिस्तीत आहे: कमी कार्बन, कमी गंधक, अत्यंत नियंत्रित लाटणे. या शिस्तीची बातमी होणे कठीण आहे. तिच्यात नवा अणू नाही, नवे यंत्र नाही. भट्टी, पाणी आणि वेळ यांचे काटेकोर वेळापत्रक तेवढे आहे.

सामान्य माणसापर्यंत उष्णोपचारित पोलाद पोचते ते टीएमटी सळईच्या रूपाने. लाटणयंत्रातून निघालेल्या लाल सळईवर पाण्याचे झोत सोडतात. बाहेरच्या कड्याचे मार्टेन्साइट होते, मग आतल्या गाभ्याची उष्णता बाहेर येऊन तेच कडे टेम्पर करते आणि गाभ्यात मऊ फेराइट-पर्लाइट राहते. अत्यंत स्वस्त आणि हुशार प्रक्रिया. कापलेल्या टोकाला घासून सौम्य नायट्रिक आम्ल लावले तर बाहेरचे गडद कडे उघड्या डोळ्यांना दिसते. कोणत्याही महाविद्यालयात हा प्रयोग तासाभरात होऊ शकतो. या सळईच्या जाहिराती पाहाव्यात: सिनेनट, पहिलवान, हत्ती. सारा भर सामर्थ्यावर. भूकंपात घर वाचवणारा गुण मात्र तुटण्यापूर्वी ताणले जाण्याचा आहे. भारतीय मानक 1786 मध्ये एफई 500 सळईला 12 टक्के लांबण्याची अट आहे, एफई 500डी ला 16 टक्के. शिवाय ‘डी’ प्रकारात गंधक आणि फॉस्फरसची एकत्रित मर्यादा 0.105 वरून 0.075 टक्क्यांवर आणली आहे. एका अक्षरात एवढे सामावलेले असताना दुकानात मात्र ‘पाचशे की साडेपाचशे?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. लांबण्याची टक्केवारी म्हणजे भंगचिवटपणा नव्हे, हेही खरे. पण सामर्थ्याच्या आकड्यापेक्षा ती त्याच्या अधिक जवळ आहे.

बांधकामाच्या पत्र्यांबाबतही तेच. भारतीय मानक 2062 मध्ये ई250 पोलादाचे ए, बीआर, बी0 आणि सी असे उपप्रकार आहेत. सामर्थ्य चौघांचे सारखेच. फरक आघात चाचणीचा: ‘ए’ला ती नाही, ‘बी0’ला शून्य अंशांवर, ‘सी’ला उणे 20 अंशांवर. हिमालयात पूल बांधताना या एका अक्षराला किती महत्त्व आहे, हे स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला परीक्षेत विचारले जावे. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले स्केनेक्टडी हे नवे कोरे तेलवाहू जहाज थंडीच्या रात्री मोठा आवाज करून जवळजवळ दुभंगले, तेव्हापासून जग या चाचणीला गंभीरपणे घेऊ लागले.

संशोधनाच्या बातम्याही या मोहातून सुटलेल्या नाहीत. भारतीय वंशाचे धातुशास्त्रज्ञ हॅरी भदेशिया आणि त्यांच्या केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी 200 अंशांच्या आसपास कित्येक दिवस ठेवून घडवलेले नॅनो-बेनाइट ही अलीकडच्या पोलादविज्ञानातील थोर कामगिरी आहे. तिचे सामर्थ्य 2.5 गिगापास्कलपर्यंत जाते आणि हाच आकडा सगळीकडे छापला जातो. त्याच्या शेजारी, संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे दिलेला 30 ते 40 मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर हा भंगचिवटपणा क्वचितच दिसतो. तो छापल्याने कामगिरी लहान होत नाही. उलट चिलखताला हे पोलाद का शोभते आणि पुलाला का शोभणार नाही, हे वाचकाला कळते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: संरक्षण आणि अवकाश क्षेत्रांतील आकडे गोपनीय असतात. काही असतीलही. पण फुटलेल्या 260 इंची कवचाचा सविस्तर तपास अहवाल नासाने 1966 मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, खुला प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून तो भंगयांत्रिकीच्या अभ्यासाचे साहित्य बनला आहे. त्याने अमेरिकेचे गुपित फुटले नाही. सळई, पत्रा, रूळ, बोल्ट यांना तर गोपनीयतेचा आडोसाच नाही. नव्या पोलादाच्या प्रत्येक घोषणेत सामर्थ्यासोबत चिवटपणाचा आकडा, चाचणीचे तापमान आणि वेल्डशेजारच्या पट्ट्यातील मूल्य द्यावे, एवढी अपेक्षा सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांकडून ठेवण्यात काहीच अवाजवी नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही ताणचाचणीच्या यंत्राशेजारी धूळ खात उभे असलेले चार्पीचे लंबक वर्षातून एकदाच हलवायचे सोडून, एकाच ईएन24 च्या तुकड्यांना 200, 320, 550 आणि 620 अंशांचे टेम्परिंग देऊन ते खड्डे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावेत. नमुन्यांचा खर्च एका परिसंवादाच्या हारतुऱ्यांहून कमी येईल.

घाई करण्याचे कारणही समोर उभे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. हायड्रोजनचा अणू पोलादात शिरतो, भेगेच्या टोकाशी आणि कणसीमांवर जमतो आणि चिवटपणा खाऊन टाकतो. पोलाद जितके उच्च सामर्थ्याचे, तितका हा परिणाम तीव्र. झिंकचा विद्युतलेप दिलेले 12.9 दर्जाचे बोल्ट कसल्यानंतर काही तासांनी, कोणी हात न लावता तुटतात ते यामुळेच; म्हणून लेप दिल्यावर त्यांना 200 अंशांच्या आसपास कित्येक तास भाजून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. नळमार्गांत अधिक सामर्थ्याचे पोलाद वापरले तर भिंत पातळ होते आणि खर्च वाचतो, हा नैसर्गिक वायूचा हिशेब आहे. हायड्रोजनसाठी अमेरिकी नळमार्ग संहिता नेमके उलट करते: सामर्थ्य वाढले की परवानगीचा ताण कापते. भारतात हायड्रोजनच्या नळांची खरेदी होईल, तेव्हा निविदेत पोलादाचा दर्जा लिहिलेला असेलच. दाबाखालील हायड्रोजनमध्ये, वेल्डसह केलेल्या भंगचिवटपणाच्या चाचणीची अट त्याच पानावर आहे की नाही, हे विज्ञान वार्ताहरांनी त्या दिवशी विचारावे.